चौथ्या ग्रीनवरचा बर्फ

टालसुंद, ६ ऑगस्ट

एम्ब्ला,

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय ते अभिनंदनासाठी, असं समजू नकोस. देशाची हौशी गोल्फ स्पर्धा जिंकलीस, शेवटच्या ग्रीनवर चार मीटरवरून चेंडू भोकात घातलास, छान झालं. तुझं कौतुक करायला आता खूप लोक आहेत. मी भांडायला लिहितोय.

काल क्लबच्या कॅन्टीनमध्ये मायकेनने पेपर माझ्यापुढे आपटला. कॉफी ओतता ओतता म्हणाली, "वाच. तुझी भाची आपल्याबद्दल बोललीय." मी हातातला दालचिनीचा पाव खाली ठेवून वाचलं. बातमीदाराने विचारलंय, घरचा क्लब का सोडलास? आणि तू सांगतेस, "पंधरा वर्षांची असताना सरावासाठी मी फेब्रुवारीत एका ग्रीनवरचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावरचा, बर्फ काढला. ग्रीन मेलं. चूक माझी होती. क्लबने एका मोसमाची बंदी घातली, मग मी बाबांकडे दक्षिणेला आले."

हे उकरून काढायला कोणी सांगितलं होतं तुला? बाबा तिकडे राहतात म्हणून गेले, एवढं म्हणाली असतीस तर चाललं नसतं? तेही खोटं नव्हतं. चौथं ग्रीन आता पूर्वीपेक्षा चांगलं आहे. दोन उन्हाळे गुडघ्यांवर बसून मी ते पुन्हा उभं केलंय. लोक विसरत आले होते. आता कॅन्टीनमध्ये येणारा प्रत्येक जण आधी त्या ग्रीनकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो.

आणि दुसरं. निकालाच्या यादीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याच्या घरच्या क्लबचं नाव असतं. तुझ्यापुढे काय आहे? सांडहामरा! डिसेंबरातही हिरव्या राहणाऱ्या त्या सपाट जमिनीने तुला काय शिकवलं? तुझ्या हातात पटर कोणी दिला? सहा वर्षांची होतीस, माझी जुनी काठी कापून तुझ्या उंचीची केली होती मी. मे महिन्यात मैदान उघडायचं आणि तू डास मारत मारत संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ भोकं तीनतीनदा खेळायचीस. टालसुंदचं नाव त्या यादीत लागलं असतं तर इथल्या लोकांना किती बरं वाटलं असतं, याचा विचार एकदा तरी केलास?

निकाल मी बघतो. सगळे बघतो. त्यावरून काही समज करून घेऊ नकोस.

सिक्स्टेन

टालसुंद, ३० ऑगस्ट

एम्ब्ला,

तुझं कार्ड मिळालं. समुद्राचं चित्र आणि मागे तीन वाक्यं. "सिक्स्टेनमामा, जाऊ दे. जुनी गोष्ट आहे. तब्येतीला जप."

जाऊ दे म्हणजे काय? मी दोन पानं भरून तुला बोल लावले आणि तू मला तब्येतीला जपायला सांगतेस? मी काय ऐंशीचा म्हातारा आहे? अठ्ठावन्नचा आहे, आणि अजून यंत्र न वापरता भोकांच्या कडा हाताने कापतो. तू उलट दोन शिव्या घातल्या असत्यास तर मला रात्री नीट झोप लागली असती. लहानपणी तुला राग यायचा की. चेंडू पाण्यात गेला की तू टोपी काढून तुडवायचीस. तो राग दक्षिणेला नेलास की इथेच टाकून गेलीस?

तर आता जुनी गोष्ट नीटच आठवू या.

फेब्रुवारी होता. एप्रिलमध्ये दक्षिणेला स्कोनेत देशाच्या कुमारी संघाची निवड चाचणी. तू रोज शाळा सुटली की शेडमध्ये यायचीस. मी यंत्रांच्या पात्यांना धार लावत असायचो आणि तू तेलाच्या डब्यावर बसून तेच तेच बोलायचीस. "मामा, तिकडच्या मुली आत्ता गवतावर खेळतायत. मी तळघरात गालिच्यावर. गालिच्यावर चेंडू वळतो तरी का? मी तिथे जाऊन हसं करून घेणार." एक आठवडा ऐकलं. दोन आठवडे ऐकलं. मी तुला सांगितलं होतं की नाही, की बर्फ ही गवताची गोधडी आहे? ती ओढून काढली आणि वर पाऊस पडून गोठला, तर खालचं गवत गुदमरून मरतं? सांगितलं होतं. ते तुला पाठ होतं.

मग बर्फ निघाला. पंधरा दिवस तू नारिंगी चेंडू घेऊन त्या गोठलेल्या गवतावर सराव केलास. मग पाऊस आला, आणि दुसऱ्या दिवशी पारा उणे बावीसवर. चौथ्या ग्रीनवर काचेसारखा थर बसला आणि दीड महिना हलला नाही. मे महिन्यात थर वितळला तेव्हा खालून कुजका वास आला. तो वास तुलाही आठवत असेल.

क्लबच्या सभेत फोल्केने विचारलं, "हे कोणी केलं?" अध्यक्ष म्हणून त्याला विचारावंच लागलं. मी म्हणालो, "पोरांनी केलं." मी 'पोरांनी' म्हणालो, हे लक्षात घे. तुझं नाव मी घेतलं नाही. फोल्के म्हणाला, "कुठल्या पोरांनी?" तेव्हा मी फक्त तुझ्याकडे बघितलं.

शेडची किल्ली माझ्याकडेच असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कोणी विचारलं नाही. आता तूही विचारू नकोस.

सिक्स्टेन

टालसुंद, १२ ऑक्टोबर

एम्ब्ला,

आज पहिला बर्फ भुरभुरला. फोल्के आणि अर्धा गाव हरणाच्या शिकारीला जंगलात आहे, मैदानावर चिटपाखरू नाही. नऊही झेंडे काढून शेडमध्ये ठेवले. मग तिथेच बसलो, तुझ्या डब्यावर.

तो बर्फ मी काढला. तू नाही.

घे, लिहिलं. तुला हे नवीन नाही, पण मी कधी लिहिलं नव्हतं, बोललो तर नव्हतोच. रविवारी सकाळी तू अजून अंथरुणात असशील. मी फावडं घेतलं, खोरं घेतलं आणि दुपारपर्यंत चौथं ग्रीन मोकळं केलं. मला काय होईल ते कळत होतं. बत्तीस वर्षं मी या मैदानाची निगा राखायचं काम करतोय. पण तू पंधरा वर्षांची होतीस आणि जिल्ह्यात तुझ्यासारखं कोणी खेळत नव्हतं, आणि मला वाटलं, एकदा, एकदाच, टालसुंदची पोर त्या दक्षिणेच्या मुलींच्या नाकावर टिच्चून संघात जाऊ दे. खरं सांगू? तू जाशील आणि लोक म्हणतील, ही सिक्स्टेनने घडवली, याचीही मला हाव होती. दुसऱ्या दिवशी तू शाळेतून आलीस, ते बघितलंस आणि माझ्या गळ्यात पडलीस. तुझी टोपी खाली पडली.

आणि मे महिन्यात मी तुझ्याकडे बघितलं.

आता माझा राग ऐक. तू तोंड का उघडलं नाहीस? सभेत सदतीस माणसं होती. तू उभी राहून म्हणायचं होतंस, "मामाने काढला." तीन शब्द सुद्धा नाहीत. तू मान खाली घातलीस, आणि लोकांना तोच कबुलीजबाब वाटला. मला वाचवायला तुला कोणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का? पंधरा वर्षांच्या पोरीने माझ्यावर उपकार करावेत आणि मी चार वर्षं ते अंगावर घेऊन गवत कापत फिरावं, हा काय न्याय झाला? आणि वर ते पेपरात! अजून तेच! आता तर तुला कोणाची भीती नाही, देशाच्या संघात आहेस, तरी "चूक माझी होती"! एकेका अक्षराने तू मला वाचवतेस आणि मला जास्त जास्त लाज वाटते. लाज वाटली की मला राग येतो, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांचंही तसंच होतं.

त्या सभेचं इतिवृत्त मी आज कपाटातून काढून वाचलं. "चौथ्या ग्रीनचे नुकसान कुमार गटातील एका खेळाडूच्या बेजबाबदार वर्तनाने झाले." खाली, इतिवृत्त बरोबर आहे असं म्हणून दोन सदस्यांच्या सह्या. एक मायकेनची. दुसरी माझी. ते मी विसरलो होतो, असं लिहिणार होतो, पण विसरलो नव्हतो.

नोव्हेंबरात क्लबची सभा आहे. तिथे मी बोलणार आहे. तू "जाऊ दे" म्हणून कार्ड पाठवलंस तर न वाचता चुलीत घालेन.

सिक्स्टेन

टालसुंद, २४ नोव्हेंबर

एम्ब्ला,

सभा झाली.

आपल्याकडची सभा कशी असते तुला माहीत आहे. फोल्केची हातोडी, विषयपत्रिका, विषय क्रमांक एक ते चौदा. पाणीपुरवठा, वाहनतळ, नवीन कचरापेट्या. कचरापेट्यांवर पाऊण तास. शेवटी "इतर विषय" आल्यावर मी उभा राहिलो. तुझी आई दुसऱ्या रांगेत बसली होती. मी म्हणालो, "चार वर्षांपूर्वी चौथ्या ग्रीनवरचा बर्फ एम्ब्लाने काढला नव्हता. मी काढला होता. इतिवृत्तात खोटं आहे, आणि त्याच्याखाली माझी सही आहे. ते दुरुस्त करा."

मला वाटलं होतं लोक ओरडतील. माझी तयारी होती. कोणी ओरडलं नाही. फोल्केने चष्मा पुसला.

"अरे सिक्स्टेन," तो म्हणाला, "हा विषय आधी कळवलेला नाही. त्यावर निर्णय घेता येत नाही. आणि मंजूर झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही. आपण नोंद घेऊ."

"नोंद?" मी म्हणालो. "पोरीला गाव सोडायला लावलंत आणि आता नोंद घेता?"

"आम्ही गाव सोडायला लावलं नाही. एका मोसमाची बंदी होती."

"पंधरा वर्षांच्या खेळाडूला एक मोसम म्हणजे काय, तुला कळतं का रे?"

"खाली बस," तो म्हणाला. हातोडी आपटली. सभा संपली.

तुझी आई कोट घालून निघून गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

मग कॉफी. काहीही झालं तरी आपल्याकडे शेवटी कॉफी होतेच. मी कप घेतला नाही. मायकेन जवळ आली आणि हळूच म्हणाली, "कशाला रे हे सगळं? आम्हाला काय माहीत नव्हतं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "बर्फाचा ढीग उत्तरेच्या उताराला होता, वितळलेलं पाणी ग्रीनवर येऊ नये म्हणून. आणि कडा कशी होती, सुरीने कापल्यासारखी. पंधरा वर्षांची पोर असा बर्फ काढते का? ती कसाही फेकते. तुझ्याशिवाय या जिल्ह्यात असं कोणी करत नाही."

"मग बोलली का नाहीस? तुझी पण सही आहे!"

तिने फोल्केकडे बघितलं. फोल्के पावाचा तुकडा मोडत म्हणाला, "समजून घे ना. तुला काढलं असतं तर माळी आणायचा कुठून? इथे राहायला कोण येतं? दोन वर्षांत नऊही ग्रीन गेली असती. पोरीचं काय, पोरी शिकायला जातातच बाहेर. आणि बघ, तिचं किती चांगलं झालं! इथे राहिली असती तर एवढी पुढे गेली असती का?"

बाकीचे मान हलवत होते, एम्ब्ला. चांगली माणसं आहेत. हिवाळ्यात एकमेकांच्या दारातला बर्फ काढतात. सदतीस माणसांनी हिशोब केला की माळी मिळणं कठीण आहे आणि मुलगी सोपी आहे, आणि तो हिशोब करून सगळे गप्प बसले. आणि आज ते वर म्हणतात की तुझं चांगलं झालं, म्हणजे ते सगळं बरोबरच होतं.

मी शेडच्या किल्ल्या त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवल्या. "आता शोधा माळी," म्हणालो. तो म्हणाला, "असं करू नकोस, नीट विचार कर." मी म्हणालो, "विचार करून करून तर चार वर्षं घालवली."

मला वाटलं होतं, खरं बोललो की मोकळं वाटेल. नाही वाटलं. मी त्यांच्यावर चिडलो खरा, पण त्यांच्यातला पहिला मी होतो. त्यांनी गप्प बसायचं ठरवलं, त्याआधी मी तुझ्याकडे बघितलं होतं.

सिक्स्टेन

टालसुंद, १ डिसेंबर

एम्ब्ला,

हे पत्र लहान आहे. सगळं लिहून काढायचा धीर नाही.

सभेनंतर तीन दिवसांनी तुझी आई, लिस्बेत, आली. कोट काढला नाही, बूटही काढले नाहीत. बहीण भावाच्या घरी बूट घालून आत आली म्हणजे काय, ते तुला कळेल. स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "तिने मला सांगितलं होतं."

मी म्हणालो, "कोणी?"

"एम्ब्लाने. त्याच संध्याकाळी. सभेतून घरी आल्यावर. रडत होती. म्हणाली, आई, मामाने काढला, त्यानेच मला तिथे खेळायला बोलावलं. आणि मी तिला म्हणाले, सिक्स्टेन खोटं बोलत नाही. चूक केलीस ती केलीस, वर मामावर ढकलतेस? मी तिला म्हणाले, तू मला या घरात असं खोटं बोलणारी नकोस. त्यानंतर ती गप्प झाली. शाळा संपल्यावर बापाकडे गेली."

मग तुझी आई खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "भाऊ म्हणून तुझ्याबद्दल माझ्या मनात जो मान होता, तो मी तिच्या अंगावर टाकला." ती रडली नाही.

एम्ब्ला, सगळा उन्हाळा मी तुझ्यावर चिडलो, की तू मला वाचवलंस. तू मला वाचवलं नव्हतंस. तू खरं बोलली होतीस, घरात, आपल्या आईला, आणि तुला खोटारडी ठरवलं गेलं, माझ्या नावावर. त्यानंतर तू "चूक माझी होती" म्हणायला शिकलीस, कारण दुसरं काही बोलून उपयोग नव्हता. आणि मी ते पेपरात वाचून तुलाच फैलावर घेतलं. मला वाटलं तुझं मन मोठं आहे. तू फक्त थकली होतीस.

त्याच पेपराला मी पत्र लिहिलं. छापलं त्यांनी, हॉकीच्या निकालाखाली, माझ्या नावानिशी आणि वयानिशी. कात्रण सोबत आहे. गावात अर्ध्या लोकांनी बोलणं टाकलंय. टाकू देत.

शनिवारी लिस्बेत तुझ्याकडे येते आहे. नऊशे किलोमीटर, रस्त्यावर बर्फ, ती एकटीने चालवणार नाही, म्हणून गाडी मी चालवतोय. आधी तिला तुझ्याशी बोलायचं आहे. तिचा हक्क पहिला. तू तिला आत घेशील की नाही, ते तुझं तू बघ. मी मध्ये पडणार नाही.

मी तुझ्या क्लबच्या दाराबाहेर गाडीतच बसेन. थर्मासमध्ये कॉफी आहे, मला घाई नाही. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. संध्याकाळी मी तिला घेऊन परत जाईन आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

पण "जाऊ दे" म्हणायला येऊ नकोस. हसून, हात पुढे करून, तब्येत विचारायला येऊ नकोस. पंधरा वर्षांची असताना तुला जे ओरडायचं होतं आणि कोणी ओरडू दिलं नाही, ते सगळं घेऊन ये. आलीस तर चिडून ये.

तुझा मामा,
सिक्स्टेन